तातडीची गोळी : एकच, आणि मिळेल तितक्या लवकर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या महिला पुरवणीत तातडीच्या गर्भनिरोधक गोळीवर लेख आला, त्याबद्दल आधी आभार. या विषयावर मराठी वर्तमानपत्रात सरळ भाषेत अर्धं पान मिळणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. पण लेखातल्या दोन वाक्यांसाठी हे पत्र लिहावं लागतंय. ‘पहिली गोळी घेतल्यावर बरोबर बारा तासांनी दुसरी घ्यावी’ हे एक. ‘७२ तासांच्या आत केव्हाही घेतली तरी चालते’ हे दुसरं. पहिलं वाक्य जुनं झालेलं आहे आणि दुसरं अर्धवट आहे. असा लेख बाई फावल्या वेळी वाचून सोडून देत नाही. ती तो कापून कपाटातल्या कागदाखाली ठेवते आणि वेळ आली की त्याबरहुकूम वागते, कारण विचारायला जवळ कोणी नसतं. म्हणून दुरुस्ती हवी.

मी सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात आरोग्य सेविका होते आणि आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. बाळंतपणं, लसीकरण, तांबी म्हणजे गर्भपिशवीतली कॉपर-टी बसवणं, शस्त्रक्रियेच्या शिबिराला बायका नेणं, ऊसतोडीच्या टोळ्यांत जाऊन गरोदर बायकांची नोंद करणं, यात नोकरी गेली. ‘सिस्टर, जरा बाजूला येता का?’ असं बाई दबक्या आवाजात म्हणाली की काय विचारणार ते बहुतेक वेळा आधीच कळायचं. निरोध फाटलाय, किंवा माला-एन ही रोजची गोळी चार दिवस घ्यायची राहिलीय, किंवा नवरा दारू पिऊन आला आणि काही ऐकलं नाही.

ही वेगळी गोळी मिळत नव्हती तेव्हाही उपाय होता, आणि तो माला-एनचाच होता. कॅनडातल्या अल्बर्ट युझपे या डॉक्टरांनी १९७४ साली ही पद्धत मांडली : नेहमीच्या संततिनियमनाच्या गोळ्यांमधली दोन्ही संप्रेरकं मोठ्या मात्रेत दोनदा द्यायची, मध्ये बारा तासांचं अंतर ठेवून. आपल्याकडे त्याचा हिशेब असा बसायचा : माला-एनच्या चार पांढऱ्या गोळ्या एकदम, बारा तासांनी पुन्हा चार पांढऱ्या. पाकिटात २१ पांढऱ्या गोळ्या असतात आणि ७ तपकिरी. तपकिरी गोळ्या नुसत्या लोहाच्या, त्यांनी दिवस राहायचे थांबत नाहीत. म्हणून मी कात्रीने आठ पांढऱ्या कापून दोन वेगवेगळ्या पुड्या बांधायची आणि उरलेलं पाकीट माझ्याकडेच ठेवायची. अख्खं पाकीट हाती दिलं तर अंधारात चार कुठल्या जातील याचा भरवसा नाही.

ही पद्धत काम करायची, पण बायकांचे हाल व्हायचे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या जुन्या पद्धतीची तुलना नुसत्या लेव्होनॉरजेस्ट्रेल या एकाच संप्रेरकाच्या गोळीशी, म्हणजे आताच्या तातडीच्या गोळीशी केली होती. जुन्या पद्धतीत निम्म्या बायकांना मळमळ झाली आणि जवळजवळ पाचातल्या एकीला उलटी. नव्या गोळीत मळमळ चौघींतल्या एकीपेक्षाही कमी जणींना, उलटी शंभरात सहा जणींना. दिवस राहिले ते जुन्या पद्धतीत शंभरात तिघींना, नव्या गोळीत एकीला. म्हणजे त्रास कमी आणि गुणही जास्त. २००१ साली आपल्या देशात या गोळीला परवानगी मिळाली आणि २००५ पासून ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमध्ये मिळू लागली. आमच्या केंद्रातही ती आली.

तेव्हा पाकिटात ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या असायच्या. एक लगेच, दुसरी बारा तासांनी. आपल्या लेखातला बारा तासांचा नियम इथूनच आलाय.

बारा तास म्हणायला सोपे वाटतात. वस्तीवरच्या घरात ते कसे जातात ते सांगते. दुपारी जेवणवेळेला सासू शेताकडे गेली की सून उपकेंद्रात यायची. माझ्यासमोर पहिली गोळी घ्यायची तेव्हा अडीच-तीन वाजलेले. म्हणजे दुसरी पहाटे अडीच-तीनला. त्या वेळी एकाच खोलीत सासू, दोन मुलं, कधी माहेरवाशीण नणंद अशी सगळी झोपलेली. दिवा लावायचा नाही, भांड्याचा आवाज करायचा नाही, गजराचं तर नावच नको. एका मुलीने गोळी फडताळात जिऱ्याच्या डबीत लपवली होती. रात्री डबी उघडायला गेली तर सासूने ‘काय गं, काय शोधतेस?’ म्हणून हाक मारली. मग पहाटे पाणी आलं तेव्हा, नळाखाली घागर लावून, तिने ती गिळली. दुसऱ्या दिवशी उशीर झाला म्हणून भेदरून माझ्याकडे आली. तिचं काही बिघडलं नाही, पुढे पाळी आली. पण ते पंधरा दिवस तिने कसे काढले ते मी पाहिलंय.

दुसरी एक तर हसत सांगत होती, ‘सिस्टर, एक मी घेतली आणि एक माझ्या जावेला दिली, तिलाही गरज होती.’ दोघींच्याही पोटात अर्धीच मात्रा गेली. पाकिटात दोन गोळ्या आहेत, तर एक एकीची, एक दुसरीची असं तिला वाटलं, त्यात तिचा काय दोष? दोन गोळ्यांच्या पाकिटाने हा घोळ पुष्कळ ठिकाणी केला असणार.

म्हणून २००२ साली जो निकाल आला तो मला फार मोलाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनेच दहा देशांतल्या चार हजारांहून जास्त बायकांवर पडताळणी केली. काहींना ०.७५ च्या दोन गोळ्या बारा तासांच्या अंतराने दिल्या, काहींना १.५ मिलिग्रॅम एकाच वेळी. अंतराने घेणाऱ्यांत दिवस राहण्याचं प्रमाण शंभरात १.८, एकदम घेणाऱ्यांत १.५. दोन्ही सारखंच म्हणायचं, आणि एकदम घेतली म्हणून त्रासही वाढला नाही. दुसऱ्या गोळीसाठी बारा तास थांबायचं काहीच कारण उरलं नाही. आता सरकारी पुरवठ्यातली गोळी आणि मेडिकलमधली आय-पिल, अनवाँटेड-७२ वगैरे सगळ्या १.५ मिलिग्रॅमच्या एकाच गोळीत मिळतात. आपला लेख वाचून कोणी दुसरी गोळी शोधत मेडिकलात गेली तर तिचे पैसे जातील. त्याहून वाईट म्हणजे, कोणी एकाच गोळीचे दोन तुकडे करून अर्धी आत्ता, अर्धी रात्री अशी घेईल. तसं करू नये. कुणाकडे ०.७५ च्या जुन्या दोन गोळ्या असतील तर त्या दोन्ही एकाच वेळी पाण्याबरोबर घ्याव्यात, तारीख उलटून गेलेली नसेल तर.

आता ७२ तासांचं. पाकिटावरचा हा आकडा वाचून बायका आणि त्यांचे नवरे सवड आहे असं समजतात. शनिवारी रात्री निरोध फाटला तर ‘सोमवारी कामाला जाताना घेऊ’ म्हणतात. १९९८ च्या त्याच अभ्यासात पहिल्या चोवीस तासांत घेतलेल्या गोळीने जितक्या गर्भधारणा झाल्या असत्या त्यातल्या शंभरातल्या ९५ टळल्या, दुसऱ्या दिवशी घेतलेल्यांत ८५, तिसऱ्या दिवशी ५८. हे आकडे नीट समजून घ्यायला हवेत. शंभरातल्या ५८ टळल्या याचा अर्थ उरलेल्या ४२ बायकांना दिवस राहिले असा नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत एकदा संबंध आलेल्या शंभर बायकांपैकी साधारण आठ जणींनाच दिवस राहतात, आणि त्या आठांतल्या किती टळल्या याचं हे प्रमाण आहे. नंतरच्या काही अभ्यासांत पहिल्या तीन-चार दिवसांत इतकी घसरण दिसली नाही, हेही खरं. तरी लवकर घ्या हा सल्ला कोणीच मागे घेतलेला नाही, आणि त्याचं कारण गोळी काम कशी करते त्यात आहे.

ही गोळी स्त्रीबीज सुटणं पुढे ढकलते. एवढंच तिचं मुख्य काम. गाडी फलाटावर उभी असताना सिग्नल लाल केला तर ती थांबते, सुटून गेल्यावर तोच सिग्नल काही कामाचा नाही. बीज सुटायला एक दिवस उरलाय की चार, हे कुठल्याच बाईला नक्की सांगता येत नाही. म्हणून रात्री अकराला गोळी मिळत असेल तर सकाळची वाट बघू नये. वेळ गाठता यावी म्हणून आशाताईकडे ही गोळी ठेवायची योजना २०११ साली सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. सुरुवातीला त्या एका गोळीचे दोन रुपये घ्यायच्या. आपल्या गावच्या आशाकडे आत्ता साठा आहे का, हे गरज नसताना विचारून ठेवलेलं बरं.

याच कारणाने ही गोळी गर्भपाताची नव्हे. राहिलेला गर्भ तिने पडत नाही, आणि नकळत गरोदरपणात घेतली गेली तर बाळाला व्यंग येतं असंही दिसलेलं नाही. पाळी चुकल्यावर ही गोळी घेऊन वाट बघत बसलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि त्यात त्यांचे महत्त्वाचे आठवडे गेले. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या असतात, त्या नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली दिल्या जातात आणि चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. दुकानात ‘खाली करायची गोळी’ मागितली तर यातलं काय हातात पडेल सांगता येत नाही. गर्भपात १९७१ च्या कायद्याने मिळतो, त्यासाठी आडमार्गाला जायची गरज नाही.

आपल्या लेखात सर्वांत जास्त खटकलं ते जे आलंच नाही ते. तांबीचा एक शब्दही नाही. तातडीच्या उपायांत सगळ्यांत खात्रीचा उपाय तांबी आहे. संबंध आल्यापासून पाच दिवसांच्या आत बसवली तर हजारात एखादीलाच दिवस राहतात. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, त्यामुळे बीज सुटायला किती वेळ उरलाय यावर तिचा गुण गोळीसारखा अवलंबून नाही. बाईचं वजन जास्त असलं तरी फरक पडत नाही. गोळीच्या बाबतीत मात्र जाड बायकांमध्ये गुण कमी पडतो असं अभ्यासांत आढळलंय. आणि एकदा बसवली की कॉपर-टी ३८० ए दहा वर्षं काम करते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत आहे. ज्या बाईला दोन मुलं झालीत, आणखी नकोत आणि नवरा निरोध वापरत नाही, तिला दर वेळी गोळीमागे धावण्यापेक्षा हीच सोय बरी.

मग बायका का घेत नाहीत? ‘तांबी वर चढते, काळजाला लागते’ हे मी नोकरीला लागले तेव्हा ऐकलं आणि निवृत्तीच्या आदल्या महिन्यातही ऐकलं. तांबी गर्भपिशवीतच राहते, तिचा दोरा बोटाला लागतो. क्वचित ती निसटून बाहेर येते. पिशवीला भोक पडणं हा खरा पण फार दुर्मिळ धोका आहे, तो नाही असं मी म्हणणार नाही. पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं, पोटात दुखतं. हे आधी सांगितलं तर बाई सहन करते. न सांगता बसवली तर ती पंधरा दिवसांत काढायला येते आणि गावभर सांगते. ज्या बाईला आत जंतुसंसर्ग आहे तिला त्या वेळी बसवत नाहीत, म्हणून तपासणी आधी.

दुसरी अडचण आमच्या बाजूची. तांबीचा वार ठरलेला असायचा. बाई शुक्रवारी आली आणि तांबीचा वार बुधवार असला तर तिचे पाच दिवस संपतातच. मी माझ्यापुरता हा नियम मोडायची, निर्जंतुक संच तयार असेल तर त्याच दिवशी बसवायची. पण हे एखाद्या सिस्टरच्या मर्जीवर असू नये. तातडीसाठी आलेल्या बाईला वार दाखवून परत पाठवायचं नाही, असा लेखी आदेश प्रत्येक आरोग्य केंद्राला जायला हवा. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातल्या अधिकाऱ्यांनी हे पत्र वाचलं तर त्यांना माझी एवढीच विनंती आहे.

तांबीचा विचार आधी करावा अशा आणखी काही बायका आहेत, आणि त्यांच्याबद्दल मेडिकलवालाही विचारत नाही, डॉक्टरही नाही. क्षयरोगाचे औषध चालू असलेल्या बायका. टीबीच्या औषधांत रिफॅम्पिसिन असतं, ज्याने लघवी तांबूस होते ते. त्याने यकृत ही संप्रेरकं भराभर मोडून टाकतं, गोळीची मात्रा रक्तात पुरेशी राहत नाही. औषध संपल्यावरही महिनाभर हा परिणाम टिकतो. फिट्सच्या काही औषधांचं, कार्बामाझेपीन आणि फेनिटॉईनचं तसंच, आणि एचआयव्हीच्या जुन्या औषधांतल्या इफॅव्हिरेन्झचंही. ब्रिटनमध्ये अशा बायकांना तांबी सुचवतात, आणि ती जमणारी नसेल तर दुप्पट मात्रा म्हणजे १.५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एकदम घ्यायला सांगतात, २०१६ पासून. आपल्याकडे टीबीचं औषध आशाताईच घरी नेऊन देतात आणि तातडीची गोळीही त्यांच्याच पिशवीत असते. एकाच पिशवीतल्या या दोन औषधांचं एकमेकांशी पटत नाही, हे त्यांच्या प्रशिक्षणात ठळकपणे सांगायला हवं.

युरोपात २००९ पासून युलिप्रिस्टल नावाची वेगळी गोळी आहे, ती पाचव्या दिवसापर्यंत चांगली चालते. आपल्या सरकारी पुरवठ्यात ती नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी आलेल्या बाईसाठी आपल्याकडे खात्रीचा उपाय तांबी हाच आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेल तेव्हा थोडंफार काम करतं, पण भरवसा कमी.

गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक गोळी घ्यावी. दोन तासांनंतर झाली तर काळजी नाही. गोळी आधीच्या संबंधापुरती असते. बीज सुटणं पुढे ढकलल्यामुळे त्यानंतर चार दिवसांनी पुन्हा निष्काळजीपणा झाला तर दिवस राहू शकतात, तेव्हा पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. माला-एन दुसऱ्या दिवशी सुरू केली तरी चालते, पण पहिले सात दिवस निरोधही हवा. पाळी चार-आठ दिवस पुढे-मागे होते, मध्येच थोडं अंगावरून जातं, त्याने घाबरू नये. ठरल्या तारखेच्या वर आठवडा गेला तर निश्चय किटने लघवी तपासावी, तीही आशाकडे असते. अंगावर पाजणाऱ्या आईने घेतली तर बाळाला त्रास होत नाही.

लेखात ‘वर्षातून दोनदापेक्षा जास्त घेतल्यास वंध्यत्व येते’ असंही छापलंय. याला आधार नाही. ही गोळी पुन्हा घेतल्याने मूल होण्याची क्षमता जात नाही. महिन्यातून दोन-तीनदा घेतली तर पाळीचं गणित बिघडतं, आणि नेहमीची साधनं हिच्याहून कितीतरी खात्रीची आहेत, म्हणून ती रोजचा उपाय होऊ नये. तेवढं सांगा. वंध्यत्वाची भीती घातली की काय होतं ते मी पाहिलंय : नवीन लग्न झालेली मुलगी ‘पुढे मूल झालं नाही तर?’ म्हणून गोळी घेत नाही आणि दोन महिन्यांनी गर्भपाताला येते, तीही तालुक्याला न जाता कुठल्यातरी बोळातल्या दवाखान्यात.

आणखी एक गोष्ट लेखात हवी होती. बलात्कार झालेल्या मुलीला किंवा बाईला ही गोळी देणं हा उपचाराचा भाग आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ते लिहिलेलं आहे. सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाने अशा स्त्रीवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायलाच हवेत, हा कायदा आहे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणून कोणी दारातून परत पाठवलं तर तो गुन्हा आहे. कागदाची वाट बघण्यात जे तास जातात ते गोळीचेच तास असतात. पोलीस ठाण्यातल्या महिला कर्मचाऱ्यांनाही हे तोंडपाठ हवं.

शेवटी मेडिकलवाल्यांबद्दल. गोळी घ्यायला दुकानात बहुतेक वेळा पुरुष येतो. गर्दी कमी झाली की काउंटरच्या कडेला उभं राहून हळू आवाजात नाव सांगतो, पैसे ठेवतो, पाकीट कागदात गुंडाळून मिळतं आणि तो निघतो. विकणारा काही सांगत नाही, घेणारा काही विचारत नाही. आतली पत्रिका मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत असते. ज्या बाईच्या पोटात गोळी जायची आहे तिला एक अक्षरही कळत नाही. आमच्या गावातल्या एका मेडिकलवाल्याला मी सुचवलं आणि त्याने ऐकलं : तो पाकिटावर पेनने लिहून देतो, ‘एकच गोळी. लगेच. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा. पाळीला आठवड्याच्या वर उशीर झाला तर तपासणी. टीबी किंवा फिट्सचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टर.’ लिहायला अर्धा मिनिट लागतो. काहीही न बोलता गिऱ्हाईकाच्या हातून ते घरापर्यंत पोचतं. केमिस्टांच्या संघटनेने असा मराठी शिक्काच करून प्रत्येक दुकानात ठेवला तर पेनचीही गरज उरणार नाही.

म्हणून दुरुस्ती छापताना एक करा. ती महिला पुरवणीत छापू नका. गोळी विकत आणणारा पुरुष ते पान उलटून पुढे जातो. मुख्य अंकात, बाजारभाव किंवा क्रीडावृत्ताच्या पानावर, चौकटीत छापा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
ता. वाळवा, जि. सांगली
(गावात अजून बायका विश्वासाने माझ्याकडे येतात, त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)